मलाच का? इथेच का?

कॅन्सर झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक काय बोलतात, हे कधी नीट ऐकलंय? वयानुसार वाक्यं बदलतात. सगळ्यात मोठी माणसं म्हणतात, "भोग असतात, भोगूनच संपतात." मधली पिढी विचारते, "काही सवय होती का? तंबाखू, बिडी?" आणि आमच्या वयाचे लोक म्हणतात, "खूप स्ट्रेस घेत होतास रे. आता पॉझिटिव्ह राहा." तिन्ही वाक्यं मायेनेच बोललेली असतात. पण तिन्हींचा अर्थ एकच निघतो: हे तुझ्याकडूनच आलंय. गेल्या जन्मी, गेल्या वीस वर्षांत किंवा गेल्या वर्षीच्या अप्रेझलच्या वेळी, पण तुझ्याकडूनच.

आजारी माणूसही रात्री तोच हिशोब करत असतो. मलाच का? मी काय केलं होतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दहावीनंतर बायॉलॉजीचा आणि माझा फारसा संबंध आला नाही. पण गेली दोन वर्षं घरातल्या एका आजारपणामुळे रात्री मोबाइलवर कॅन्सरबद्दल वाचत आलो आहे. जे वाचलं त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर, कॅन्सर हा जनुकांचा आणि उत्क्रांतीचा आजार आहे. हे वाक्य शास्त्राच्या पुस्तकात शोभतं. मला प्रश्न पडला तो वेगळा. हे वाक्य खरं असेल, तर "मी काय केलं होतं?" या प्रश्नाचं काय होतं? दोष कुणाचा उरतो?

प्रती काढणारी चूक

आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिली उपमा सुचते ती बगची. आपल्या शरीरात साधारण ३७ लाख कोटी पेशी असतात. बहुतेक प्रकारच्या पेशींत सुमारे ६०० कोटी अक्षरांचा डीएनए असतो. पेशी दुभंगताना हा सगळा मजकूर पुन्हा उतरवावा लागतो. उतरवताना तपासणारी, खोडून दुरुस्त करणारी यंत्रणा असते, तरी अधूनमधून एखादं अक्षर चुकतंच. याला म्युटेशन म्हणतात, मराठीत उत्परिवर्तन.

इथपर्यंत उपमा चालते, पुढे तुटते. माझ्या कोडमधला बग कितीही वाईट असला तरी तो स्वतःच्या प्रती काढत नाही. पेशीतली चूक काढते. बहुतेक चुकांनी काहीच होत नाही. काहींनी पेशी मरते. पण एखाद्या चुकीमुळे ती पेशी शेजारच्या पेशींपेक्षा थोडी लवकर दुभंगू लागली, किंवा मरण्याची वेळ आली तरी मरेना, तर तिची प्रजा वाढते. त्या प्रजेत पुढे आणखी एखादी चूक होते, ती फायद्याची ठरली तर ती शाखा इतरांना मागे टाकते. वर्षानुवर्षं हे चालतं. वेगवेगळे वंश, जागेसाठी आणि रक्तपुरवठ्यासाठी स्पर्धा, जो टिकेल तो वाढेल. डार्विनने जंगलाबद्दल सांगितलेली गोष्टच एका माणसाच्या कातडीखाली घडते. पीटर नोवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे स्पष्ट मांडलं: गाठ म्हणजे उत्क्रांत होत जाणारी पेशींची वस्ती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण घरोघरी गोंधळ होतो तो याच शब्दावर. जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे. जवळपास प्रत्येक कॅन्सरमध्ये जनुकं बिघडलेली असतात, पण ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या हयातीत, त्या एका अवयवात बिघडलेली असतात. आईवडिलांकडून आलेल्या बिघाडाचा मोठा वाटा असलेले कॅन्सर साधारण पाच ते दहा टक्के.

आणि बिघाड झाला म्हणजे कॅन्सर झालाच, असंही नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी पापणीवरची निरोगी कातडी तपासली. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली, एरवी कचऱ्यात गेली असती अशी कातडी. तिच्यातल्या १८ ते ३२ टक्के पेशींत कॅन्सरशी नातं असलेली म्युटेशनं होती. गाठ मात्र कुठेही नव्हती. म्हणजे आत्ता हे वाचताना तुमच्या आणि माझ्याही अंगात अशा वस्त्या आहेत. त्या वाढत का नाहीत, हा प्रश्न त्या तयार का होतात या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

पुण्याच्या आयसरमधून बी. विभिषण आणि मिलिंद वाटवे यांनी २०२० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो याच दिशेचा आहे. म्युटेशनं नशिबाने साचत गेली की कॅन्सर होतो, एवढ्याच गणिताने वयानुसार दिसणारे कॅन्सरचे आकडे नीट जुळत नाहीत. एखादं म्युटेशन पेशीला फायद्याचं ठरतं की नाही, हे भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. सोप्या भाषेत, बी पडणं वेगळं आणि रान तयार असणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

कुत्र्यांची एक गाठ

यात कुणाचा हेतू नसतो, हे समजून घ्यायला विश्रांतवाडीतल्या कुठल्याही गल्लीतलं कुत्रं पुरेल. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर कधीकधी लालसर, रक्त गळणारी गाठ दिसते. जनावरांचे डॉक्टर ती सहज ओळखतात. ती कॅन्सरची असते, पण त्या कुत्र्याची नसते. गाठीतल्या पेशींचा डीएनए त्या कुत्र्याशी जुळतच नाही. हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका कुत्र्याच्या अंगात या पेशी तयार झाल्या, संबंधाच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याकडे गेल्या, तिथून तिसऱ्याकडे. मूळ कुत्रं केव्हाच मेलं. त्याच्या पेशी अजून जगतायत, जगभर पसरल्यात, आणि काही आपल्या सोसायटीच्या गेटबाहेर झोपल्यात.

या गाठीला पाप-पुण्याची भाषा लावून बघा. कुणी काय केलं? कुणीच नाही. एका पेशीला टिकायची एक वाट सापडली, एवढंच. (गाठ बरी होते, बरं का. तिच्यावर दिलं जाणारं विंक्रिस्टिन हे औषध सदाफुलीतून मिळतं. तीच, जी आपल्या दारात कुंडीत असते. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरवरही तेच वापरतात.)

मग उत्क्रांतीने हा आजार मिटवून का टाकला नाही? कारण जे कॅन्सरला लागतं तेच आपल्यालाही लागतं. जखम भरायची तर पेशींना भराभर दुभंगता यायला हवं, जागा सोडून सरकता यायला हवं, नव्या रक्तवाहिन्या ओढून आणता यायला हव्यात. गर्भाला आईच्या शरीरात रुजायला हेच लागतं. ही ताकद काढून टाकली तर खरचटल्याने माणूस मरेल. म्हणून शरीराने ताकद ठेवली आणि वर राखणदार बसवले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध राखणदार म्हणजे पी-५३ हे प्रथिन. डीएनए फार बिघडला तर ते पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. ते बनवणाऱ्या जनुकाची माणसाकडे एक जोडी आहे, हत्तीकडे वीस. एवढ्या प्रचंड देहात इतक्या पेशी असून हत्तीला कॅन्सर फारसा होत नाही, त्याचं एक कारण हे असावं असं मानतात. आपल्या वाट्याला एकच जोडी आली, कारण उत्क्रांती मुलंबाळं मोठी होईपर्यंतचा विचार करते. साठीनंतरच्या आपल्या आयुष्याशी तिचं फारसं देणंघेणं नाही.

आत्याची मशेरी

आता घरातलं आजारपण. माझी आत्या विश्रांतवाडीतच राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या गालाच्या आत, हिरडीच्या कडेला एक पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम झाली, मग निदान. जबड्याचा काही भाग काढावा लागला. आत्या लहानपणापासून मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना चोळायची. तिच्या माहेरच्या गावात सगळ्याच बायका लावायच्या.

भेटायला येणाऱ्यांना मशेरी सापडली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. कारण मिळालं ना! "तंबाखू ती तंबाखूच. किती वेळा सांगितलं होतं." मी तेव्हा तिथे होतो. आत्याला नीट बोलता येत नव्हतं. सगळे गेल्यावर ती मला तुटक तुटक म्हणाली, "तुझ्या आजीने दिली मला. सहा वर्षांची होते. दात किडू नयेत म्हणून. ती त्याच डबीतली लावायची. नव्वदाव्या वर्षी झोपेत गेली."

भोग आणि प्रारब्ध नाकारणं मला सोपं आहे. पण हा आरोप शास्त्राच्या बाजूने आलेला आहे आणि तो खोटा नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, यात शंका नाही. मग आत्या दोषी आहे का?

आत्या आणि आजी यांनी केलेली गोष्ट एकच. डबी एक, बोट एक, सवय एक. एकीच्या गालात कुठल्यातरी पेशीत, कुठल्यातरी दिवशी, नको त्या जागी अक्षर चुकलं आणि पुढच्या चुकाही एकामागून एक जमत गेल्या. दुसरीच्या गालात ते जमलं नाही. हा फरक दोघींच्याही हातात नव्हता. नोवेलचा निबंध आला त्याच १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एका प्रश्नावर लिहिलं. त्याला 'नैतिक नशीब' असं म्हणता येईल. दोन माणसं सारखीच बेफिकीर गाडी चालवतात. एकाच्या समोर मूल धावत येतं, दुसऱ्याच्या येत नाही. आपण पहिल्याला खुनी म्हणतो, दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. दोघांनी केलं ते सारखंच. फरक नशिबाचा, पण शिक्षा मात्र आपण माणसाला देतो.

भेटायला येणारे आत्याला हेच करत होते. मशेरी लावणं ही चूक मानली, तरी ती चूक नव्वदीत झोपेत गेलेल्या आजीइतकीच आहे, तसूभरही जास्त नाही. सवयीबद्दल बोलायचं तर ते चट्टा येण्याआधी बोलायला हवं होतं, आणि सहा वर्षांच्या मुलीशी नव्हे, तिच्या हातात डबी देणाऱ्यांशी. आजारानंतर ते बोलण्यात माहिती काहीच नसते, फक्त निकाल असतो.

म्हणून "मलाच का?" या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं: याला उत्तर नाही. आपल्याला अजून सापडलेलं नाही, असं मी म्हणत नाही. हजार बायका मशेरी लावत असतील, तर त्यातल्या साधारण किती जणींना गाठ येईल हे सांगता येतं. कुणाला, हे कुणाच्याही वागणुकीवरून, पुण्याईवरून, स्वभावावरून सांगता येत नाही. ज्याला उत्तर नाही असा प्रश्न माणसाच्या उशाशी ठेवून येणं क्रूरपणाचं आहे.

आजार उलटला की हा क्रूरपणा आणखी वाढतो. आपल्या बातम्यांत ठरलेलं वाक्य असतं, 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. जणू मेलेला माणूस लढण्यात कमी पडला. औषधाने गाठ विरघळते आणि वर्षभराने परत येते, तेव्हा खरं काय होतं ते आपल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, बोंडअळी मेली. ज्या थोड्या अळ्या त्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट मिळायचं. बांधाकडेने ते लावायचं, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही थोड्या शिल्लक राहतात आणि चिवट अळ्यांचा वंश एकटाच माजत नाही. अमेरिकेत रॉबर्ट गेटनबी यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हाच विचार करून पाहिला. गाठ आटोक्यात आली की औषध थांबवायचं, वाढली की पुन्हा सुरू करायचं. त्यांच्या छोट्या गटात आजार नेहमीपेक्षा जास्त काळ ताब्यात राहिला. सांगायचा मुद्दा एवढाच, की औषध थकतं ते गाठीच्या आतल्या निवडीमुळे. रुग्णाच्या जिद्दीशी त्याचा संबंध नाही. जिद्द कमी पडली म्हणून कुणाच्या शेतात बोंडअळी येत नाही.

दुसरा प्रश्न

इथे कुणी म्हणेल, मग सगळं नशिबावरच सोडायचं का? २०१५ मध्ये नेमका असा गोंधळ जगभर झाला. क्रिस्तियान तोमासेत्ती आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी शरीरातल्या ३१ प्रकारच्या ऊतींची तुलना केली. मोठ्या आतड्यात कॅन्सर जास्त आणि लहान आतड्यात कमी का, असले फरक त्यांना समजून घ्यायचे होते. त्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक, तिथल्या मूळ पेशी किती वेळा दुभंगतात यावरून समजावता येतो, असं त्यांना दिसलं. बातम्यांनी मथळा केला, दोन तृतीयांश कॅन्सर निव्वळ नशिबाने होतात. पण अवयवा-अवयवातल्या फरकाचं उत्तर गावा-गावातल्या फरकाला चिकटवता येत नाही.

पुण्यात टू-व्हीलर चालवणाऱ्याला हे पटकन कळेल. एखाद्या चौकात दर वर्षी अपघात होतात. आज नेमकं कोण पडेल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण शेजारच्या चौकापेक्षा इथे जास्त माणसं का पडतात, याचं कारण असतं: वळण, खड्डा, बंद सिग्नल. "मलाच का?"ला उत्तर नाही. "इथेच का?"ला आहे. म्युटेशन पासा टाकल्यासारखं असेल, पण किती पासे टाकले जातात आणि कुठल्या रानात काय रुजतं, हे बऱ्याच अंशी माणसं ठरवतात.

हा दुसरा प्रश्न महाराष्ट्रात फार आधी आणि फार चांगला विचारला गेला. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये उघडलं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरवर लिहिलं. त्यातला एक 'धोतर कॅन्सर'. कमरेला रोज त्याच जागी घट्ट गाठ, घाम, घासून काळी पडलेली, सालपटं निघणारी कातडी, आणि कित्येक वर्षांनी तिथेच गाठ. काश्मिरात शेकोटीची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना पोटावर होणारा कॅन्सर त्याआधीच माहीत होता. सतत दुखावलेली, सतत भरत राहणारी जागा म्हणजे चुकलेल्या पेशीसाठी तयार केलेलं रान.

या कामात दोष देणं नाही. धोतर नेसणारा पापी नव्हता. खानोलकरांनी माणसांच्या पोटजातीपासून पोशाखापर्यंत सगळं नोंदवलं, ते खटला भरण्यासाठी नव्हे. पुढे १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं, की एकाच मुंबईत राहणाऱ्या पारशी स्त्रियांना स्तनांचा कॅन्सर जास्त होतो आणि गर्भाशयमुखाचा कमी. शहर तेच, हवा तीच, पण लग्नाचं वय, मुलांची संख्या, सवयी आणि रक्ताचा वारसा वेगळा.

याच परंपरेतलं आणखी एक नाव पुण्याचं आहे. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एमएस्सी केलं आणि मग मुंबईला खानोलकरांकडे कॅन्सरवर काम सुरू केलं. उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांवर काम करून स्तनांच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती, हे त्या शोधत राहिल्या. शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकायला त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली.

मोजण्याची किंमत

जॉर्ज गाय हे नाव आलं की दुसरं एक नाव घ्यावंच लागतं. हेन्रिएटा लॅक्स. बाल्टिमोरची एक गरीब कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ती गेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता गाय यांच्याकडे पोचल्या आणि त्या मरेनात. 'हेला' नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. त्या पेशींत एचपीव्ही नावाचा विषाणू होता. हा विषाणू पी-५३ या आपल्या राखणदारालाच मोडून काढतो, हे नंतर कळलं. "का?"चं एक मोठं उत्तर ज्या बाईच्या पेशींतून मिळत गेलं, तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आपल्याकडेही असा एक आकडा आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी आहे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी, आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत, ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. तीन गटांना वेगवेगळी तपासणी. चौथ्या गटातल्या स्त्रियांना आजाराची माहिती दिली, कुठे जायचं ते सांगितलं, पण तपासणी त्यांच्या दारात नेली नाही. तुलनेसाठी. २००९ मध्ये निकाल आला. ज्यांची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४.

एका साध्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला धाराशिवने दाखवलं. त्यासाठी चौथा गट लागला. त्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर जोरदार वाद झाला. तेव्हा तिथल्या खेड्यांत एरवीही कुणाची तपासणी होत नव्हती, हे एका बाजूचं म्हणणं. तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता, हे दुसऱ्या बाजूचं. मला यात घाईने बाजू घ्यावीशी वाटत नाही. मात्र एक वाटतं. "इथेच का?" हा प्रश्न "मलाच का?"पेक्षा शहाणा आहे, पण तोही फुकट मिळत नाही. त्याचं उत्तर माणसं मोजून मिळतं. जी मोजली गेली त्यांचं आपल्यावर ऋण असतं, आणि उत्तर कळल्यावर त्यावर काही न करणं हे त्या ६४ जणींच्या बाबतीत खरं पाप आहे. नशीब म्हणून इथे सुटता येत नाही.

मशेरीचंही तेच. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जिनोमिक्स संस्था यांनी २०१३ मध्ये गाल आणि हिरडीच्या मधल्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. तंबाखूची गोळी धरून ठेवायची नेमकी हीच जागा. बिघडलेल्या जनुकांत पी-५३ चं जनुक आहेच. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. आणि तरी चौकातल्या टपरीवर कुणी मागितला तर "नाही" असं उत्तर क्वचितच येतं. राज्यातल्या साधारण दर चार प्रौढांमागे एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो. आत्याच्या गालातली चूक कुणाच्या हातात नव्हती. हे सगळं आहे.

मग करायचं काय

दोन्ही प्रश्नांच्या जागा बदलल्या आहेत, असं मला वाटतं. रुग्णाच्या खाटेजवळ आपण "का?" विचारतो आणि महापालिकेत, शाळेच्या सभेत, मत मागायला आलेल्या उमेदवारासमोर गप्प बसतो. उलट व्हायला हवं. खाटेजवळ विचारायचे प्रश्न साधे आहेत: काय गिळता येतंय, डबा कोण आणतंय, रेडिएशनला उद्या सोबत कोण आहे. आणि "का?" बाहेर विचारायचा. शाळेच्या भिंतीला लागून टपरी का? बंदी असलेली पुडी येते कुठून? आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची तपासणी होते का, कुठल्या वारी?

घराच्या आतही एक जागा बदलायला हवी. ज्या थोड्या कुटुंबांत बिघाड खरंच पिढ्यांमधून येतो, तिथे तो लपवला जातो. "पोरीचं लग्न व्हायचंय, बोलू नका कुठे." आईला वाटतं आपण लेकीला काहीतरी वाईट दिलं. तिने काही दिलेलं नाही, तिच्याही हातात ते कुणी न विचारताच ठेवलं होतं. पण माहिती देणं मात्र तिच्या हातात आहे. लेकीला, बहिणीला, भावाच्या मुलीला वेळेवर कळलं तर ती वेळेवर तपासणी करून घेईल. इथे अपराधी वाटण्याची जागा नाही, बोलण्याची जबाबदारी मात्र आहे. आणि एवढ्यावरून मोडणारं स्थळ मोडलेलंच बरं.

शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. एचपीव्हीवरची भारतात तयार झालेली लस आपल्याच शहरातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आहे, ती २०२३ पासून मिळते. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. हे मोबाइलवर वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्या वयाची भाची किंवा पुतणी असेल. तिच्या आईशी या रविवारी बोला. विषय अवघड वाटला तर लेखाची लिंक पाठवा, पण बोला.